एकच प्रश्न किती वेळा? : नेटवर्क फाइल सिस्टिमच्या अभ्यासाची प्रस्तावना

दुसऱ्या यंत्रावरच्या फोल्डरमध्ये आपण एक नवी डिरेक्टरी करतो. छोटीशी कमांड, एन्टर, झाले. तेवढ्या वेळात पलीकडच्या लिनक्स सर्व्हरमध्ये काय घडते ते बारकाईने पाहिले तर करमणूकही होते आणि काळजीही वाटते. कर्नलमधला फाइली वाटणारा भाग, म्हणजे एनएफएसडी, आधी स्वतः विचारतो : या वापरकर्त्याला इथे काही निर्माण करता येते का? पुढे नाव शोधणारे फंक्शन विचारते : याला या डिरेक्टरीत शिरता येते का? शेवटी सगळ्या फाइल सिस्टिमांवर पसरलेला व्हीएफएस हा सामाईक थर, आधी कुणी काय विचारले याची फिकीर न करता, पुन्हा विचारतो : याला इथे लिहिता येते का, शिरता येते का? बरीच वर्षे ही अशी तिहेरी चौकशी चालत आली. उत्तर प्रत्येक वेळी त्याच आयनोडमधून, परवानगीच्या त्याच बिटांवरून निघते. मधल्या मध्ये त्या डिरेक्टरीचे लॉक घेतले जाते आणि सोडलेही जाते. यातली कोणती तपासणी लॉकच्या आधीची आणि कोणती लॉकच्या आतली, हे जुना कोड एकदा वाचून सांगता येत नसे.

प्रस्तुत टिपणे त्या गुंत्याविषयी आहेत. चंदनसारला रविवारी जमणाऱ्या आमच्या छोट्या अभ्यासवर्गासाठी ती लिहिली गेली. येणारी मुले विरार, नालासोपारा, वसईची. काही शिरगावच्या आणि वसईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारी, काही नोकरीला लागलेली आणि आठवडाभर लोकलने अंधेरी गाठणारी. त्यांना ऑपरेटिंग सिस्टिमचा अभ्यासक्रम येतो. म्युटेक्स म्हणजे काय, डेडलॉकच्या चार अटी कोणत्या, हे परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत. पण चालू कर्नलचा कोड समोर उघडला की तीच मुले गप्प होतात, कारण पाठ्यपुस्तकात लॉक एकच असते आणि ते कशासाठी आहे हे शेजारीच लिहिलेले असते. खऱ्या कोडात लॉक असते. ते का आहे हे पंचवीस वर्षांपूर्वी कुणाला तरी ठाऊक होते.

नेटवर्क फाइल सिस्टिम हे या अभ्यासासाठी फार सोयीचे क्षेत्र आहे, असे माझे मत आहे. ते मोठे आहे, पण अवाढव्य नाही. त्याचे नियम जाहीर दस्तऐवजांत लिहिलेले आहेत. आणि त्यात दोन यंत्रे असल्यामुळे प्रत्येक गृहीतक उघडे पडते. एका यंत्रावर जे आपोआप खरे असते ते दोन यंत्रांत सिद्ध करावे लागते.

थोडा इतिहास, कारण आजचा गुंता त्यातूनच आला आहे. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. १९८४च्या सुमारास तिथे नेटवर्क फाइल सिस्टिमची, म्हणजे एनएफएसची, घडण झाली आणि १९८५च्या उन्हाळ्यात युझेनिक्स परिषदेत सँडबर्ग, गोल्डबर्ग, क्लायमन, वॉल्श आणि लायन या पाच जणांनी तिची रचना मांडली. कल्पना धाडसी होती : सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचे नाही. कुणी फाइल उघडली, कुणी बंद केली, याची नोंद सर्व्हरकडे नाही. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण; सोबत फाइलचे हँडल, मागणाऱ्याचा क्रमांक आणि काम. सर्व्हर कोसळून पुन्हा उभा राहिला तरी क्लायंट तीच मागणी पुन्हा पाठवतो आणि काम पुढे सरकते. त्याच काळात कार्नेगी मेलन विद्यापीठात अँड्र्यू फाइल सिस्टिम उलट्या दिशेने गेली. तिथे सर्व्हर कुणाकडे कोणती प्रत आहे हे लक्षात ठेवतो आणि बदल झाला की कळवतो. महादेव सत्यनारायणन यांचे त्या कामातले लेखन जिज्ञासूंनी जरूर वाचावे. आपण मात्र एनएफएसच्या वाटेने जाणार आहोत.

'काही लक्षात ठेवायचे नाही' या निर्णयाची किंमत परवानगीच्या तपासणीने मोजली. युनिक्समध्ये फाइल उघडताना परवानगी एकदा तपासली जाते; नंतर तुम्ही लिहीत राहता, पुन्हा कुणी विचारत नाही. एनएफएसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत 'उघडणे' हे कामच नाही. म्हणून लिहिण्याच्या प्रत्येक मागणीला परवानगी नव्याने तपासावी लागते. दुसऱ्या आवृत्तीचा दस्तऐवज १९८९चा, तिसऱ्याचा १९९५चा. चौथी आवृत्ती २००० साली आली आणि २००३ साली सुधारून निघाली. तिने 'उघडणे' परत आणले आणि त्यासोबत सर्व्हरची स्मरणशक्तीही. लॉकिंगचे तेच. आधीच्या आवृत्त्यांत फाइलींवरची लॉके हा वेगळाच प्रोटोकॉल होता, त्याचा वेगळा डीमन, आणि यंत्र पडले-उठले हे कळवायला आणखी एक. चौथीने ते सगळे आत घेतले.

लिनक्समधला कर्नलच्या आतला एनएफएस सर्व्हर मुळात ओलाफ किर्ख यांनी १९९५च्या आसपास लिहायला घेतला. त्यानंतर नील ब्राउन, ब्रूस फील्ड्स, चक लिव्हर, जेफ लेटन अशी सांभाळणाऱ्यांची परंपरा झाली. सर्व्हर कर्नलमध्येच हवा असे मात्र नाही. कर्नलबाहेर चालणारा एक प्रसिद्ध एनएफएस सर्व्हर फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाच्या संगणकतज्ज्ञांनी लिहिला आणि २००७ साली खुला केला. त्याचे नाव गणेश. आमच्या वर्गात ही माहिती इतर कशाहीपेक्षा लवकर पाठ होते.

आता मुख्य विषयाकडे.

अनावश्यक तपासणी काढून टाकायची, हे ऐकायला सोपे वाटते. तीनदा विचारता, एकदा विचारा. प्रत्यक्षात पहिली अडचण अशी की तीन प्रश्न एकसारखे दिसतात, पण एकच असतात असे नाही. एनएफएसडी स्वतः जे तपासते त्यात काही गोष्टी व्हीएफएसला ठाऊकच नसतात. उदाहरणार्थ, हे फोल्डर या विशिष्ट क्लायंटला फक्त वाचण्यापुरते वाटले आहे का? डिस्क लिहिण्याजोगी आहे, परवानगीचे बिट लिहू देतात, व्हीएफएस खुशाल होकार देईल. नकार देण्याचे काम एनएफएसडीचे. किंवा क्लायंटच्या यंत्रावरचा रूट. तो सर्व्हरवर रूट म्हणून येऊ नये यासाठी त्याला 'नोबडी' केले जाते, म्हणजे ज्याला कसलाच खास अधिकार नाही असा. हे रूपांतर तपासणीच्या आधी व्हायला हवे. क्रम चुकला की पुढच्या सगळ्या तपासण्या बरोबर असूनही निरर्थक.

आणि काही तपासण्या तर मुद्दाम ढिल्या ठेवलेल्या असतात. एक जवळून पाहू. कोणत्याही गिट भांडारात जाऊन ऑब्जेक्ट्सच्या फोल्डरातल्या फाइलींची यादी काढा. सगळ्या फाइली फक्त वाचण्याजोग्या, मालकालासुद्धा लिहिण्याची मुभा नाही. गिट ही फाइल निर्माण करतानाच तिला फक्त-वाचा परवानगी देते आणि तरीही त्याच वेळी तीत मजकूर लिहिते. एका यंत्रावर हे चालते, कारण उघडण्याच्या क्षणी तपासणी संपलेली असते. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीवर मात्र 'लिही' अशी मागणी वेगळी येते, सर्व्हर परवानगीचे बिट पाहतो आणि नियमाप्रमाणे नकार द्यायला हवा. दिला तर गिट मोडेल, आणि फक्त-वाचा फाइली उघडून ठेवणारे इतर कैक प्रोग्रामही. म्हणून एनएफएसडीच्या परवानगी तपासणाऱ्या फंक्शनात एक सवलत आहे : मागणारा फाइलचा मालक असेल तर वाचण्या-लिहिण्याला हरकत घ्यायची नाही. फक्त-वाचा फाइलवर दुसरी फाइल कॉपी करू पाहिली तर ते मात्र फसायलाच हवे; तिथे तपासणी क्लायंट करील यावर सर्व्हर विसंबतो. नवख्याला ही सवलत सुरक्षेतले भोक वाटते. वर्गात दर वेळी कुणी तरी ती काढून टाकायला निघतो. काढा, आणि तशा सर्व्हरवर गिटमध्ये एक कमिट करून पाहा, एवढेच आम्ही सांगतो.

उलट उदाहरणही आहे, जिथे तपासणी खरोखर काढणेच शहाणपणाचे ठरले. फोल्डर वाटताना 'सबट्री चेक' नावाचा एक पर्याय असतो. संपूर्ण डिस्क नाही, तिच्यातले एकच उपफोल्डर वाटले असेल, तर आलेले हँडल त्या उपफोल्डराच्या आतल्याच फाइलचे आहे ना, हे सर्व्हर दर मागणीला वर चढत जाऊन पाहतो. दिसायला अगदी योग्य. पण हँडलमध्ये फाइलचे स्थान गुंतवावे लागते, आणि कुणी ती फाइल उघडी असताना तिचे नाव बदलले किंवा ती हलवली की हँडल शिळे होते. चालू प्रोग्रामाला अचानक 'स्टेल फाइल हँडल' ऐकावे लागते. मिळणारी सुरक्षितता थोडी, होणारा त्रास फार. म्हणून एनएफएसच्या साधनसंचाच्या १.१.० आवृत्तीपासून ही तपासणी डिफॉल्ट म्हणून बंद आहे. हवी असेल त्याने मागून घ्यावी. हा निर्णय मला फार प्रौढ वाटतो. तपासणी चुकीची होती असे कुणी म्हटले नाही. तिची किंमत मोजली आणि ती परवडत नाही असे ठरवले.

क्लायंटच्या बाजूचीही अशीच गोष्ट. दुसऱ्या आवृत्तीत क्लायंट परवानगीचे बिट वाचून स्वतःच अंदाज बांधत असे, आणि रूटचे नोबडी झाले किंवा सर्व्हरवर वेगळ्या परवानगी-याद्या असल्या की तो अंदाज चुके. तिसऱ्या आवृत्तीने त्यासाठी 'ॲक्सेस' ही स्वतंत्र मागणी आणली : अंदाज नको, सर्व्हरलाच विचारा. पण विचारणे म्हणजे नेटवर्कवरून एक फेरी. म्हणून आजचा लिनक्स क्लायंट डिरेक्टरीत लिहिण्याची परवानगी मुळी आधी तपासतच नाही. प्रत्यक्ष काम करताना सर्व्हर तपासणारच आहे, तेव्हा आधी विचारून काय साधणार? चौथ्या आवृत्तीत फाइल उघडतानाही तो हीच भूमिका घेतो.

इथे या विषयाचा गाभा आहे, आणि तो समजायला वसई-विरारच्या माणसाला वेळ लागू नये. जमीन किंवा फ्लॅट घेताना वकील जुन्या नोंदी चाळून सर्च रिपोर्ट देतो. सातबारा स्वच्छ, बोजा नाही. त्या भरवशावर विसार दिला जातो. मग खरेदीखत नोंदवायला आठ-पंधरा दिवस जातात, आणि नेमक्या त्या दिवसांत त्याच मालमत्तेचा करार दुसऱ्या कुणाशी झालेला निघतो. सर्च रिपोर्ट खोटा नव्हता. ज्या दिवशीचा होता त्या दिवशी तो खराच होता. हक्क ठरतो तो नोंदणीच्या टेबलावर, रिपोर्टावर नाही. फाइल सिस्टिममध्ये लॉक घेण्याआधी केलेली तपासणी हा सर्च रिपोर्ट आहे, आणि लॉक हातात असताना केलेली तपासणी ही नोंदणी. पहिली उपयोगी आहे : उगाच पुढे जाऊन वेळ घालवण्यापेक्षा लवकर नकार मिळतो. पण तिच्यावर विसंबून दुसरी वगळता येत नाही. तपासणी आणि वापर यांच्या मधल्या या फटीवर सुरक्षाशास्त्रात भरपूर लिहिले गेले आहे. युनिक्समध्ये 'ॲक्सेस' विचारून मग फाइल उघडू नका, अशी ताकीद त्या कॉलच्या माहितीपानातच आहे.

तेव्हा 'अनावश्यक' हे विशेषण लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा : या तपासणीचे उत्तर कोणत्या लॉकखाली खरे राहते? लॉकच्या आत दुसरी तपासणी तोच प्रश्न विचारत असेल, तर बाहेरची काढता येईल, मात्र चुकीचा संदेश बदलत नाही ना एवढे पाहून. हे 'मात्र' क्षुल्लक नाही. आधीच असलेली डिरेक्टरी पुन्हा करायला गेलो आणि वरच्या डिरेक्टरीत आपल्याला लिहिता येत नसले, तर सर्व्हरने काय सांगावे? 'ही आधीच आहे' की 'परवानगी नाही'? नियमाप्रमाणे दोन्ही चालतात. पण कित्येक प्रोग्राम 'आधीच आहे' हेच उत्तर गृहीत धरतात. २०१६ साली एनएफएसडीत यासाठीच बदल झाला : आधी नाव शोधा, मग परवानगी पाहा. तपासणी तीच, फक्त जागा बदलली.

१९७५ साली सॉल्टझर आणि श्रोडर यांनी माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यातली तत्त्वे आजही शिकवली जातात. एक तत्त्व म्हणते प्रत्येक प्रवेश तपासा, एकही सोडू नका. दुसरे म्हणते यंत्रणा लहान आणि साधी ठेवा. विद्यार्थी दोन्ही पाठ करतात आणि ती एकमेकांशी भांडतात हे त्यांच्या लक्षात येत नाही. एनएफएसचा कोड हा त्या भांडणाचा चाळीस वर्षांचा दप्तरी पुरावा आहे. प्रत्येक थर दुसऱ्यावर विश्वास न ठेवता स्वतः तपासतो हे पहिल्या तत्त्वाला धरून. त्यामुळे शेवटी नेमका कोण जबाबदार हे कुणालाच कळत नाही, हे दुसऱ्याच्या विरुद्ध.

लॉकांचा इतिहास अधिक नाट्यमय आहे. १९९६ साली लिनक्स २.० अनेक प्रोसेसरांवर चालू लागला तेव्हा संपूर्ण कर्नलला एकच मोठे लॉक होते. एका वेळी एकानेच आत यावे. ते हळूहळू सोडवत न्यायला पंधरा वर्षे लागली, २०११च्या २.६.३९ मध्ये ते नाहीसे झाले. शेवटपर्यंत त्याला चिकटून राहिलेल्यांत फाइल-लॉकांचा भाग आणि एनएफएसचा लॉक-डीमनही होता. मोठे लॉक तोडून लहान करणे हा एक प्रकारचा सुलभीकरणाचा इतिहास. पण लहान लॉके झाली की त्यांच्या क्रमाचा प्रश्न येतो, आणि २००६ साली कर्नलमध्ये लॉकडेप आले ते याचसाठी : दोन लॉके कधी या क्रमाने, कधी त्या क्रमाने घेतली गेली की डेडलॉक प्रत्यक्ष होण्याआधीच ते ओरडते. दुसरी वाट लॉकच टाळण्याची. वाचणाऱ्याला थांबवायचेच नाही, या आरसीयू पद्धतीवरच्या २००१च्या ओटावा परिषदेतल्या निबंधाच्या लेखकांत दीपंकर सरमा आणि मनीष सोनी ही नावे आहेत. फाइलचा मार्ग शोधताना लॉक न घेता चालणे लिनक्सला आज जमते, ते त्याच वाटेने.

एनएफएसडीत मात्र एक वेगळाच गुंता होता, आणि या टिपणांतले सर्वांत लांब प्रकरण त्याच्यावर आहे. तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हर डिरेक्टरी बदलणाऱ्या प्रत्येक कामाच्या उत्तरात त्या डिरेक्टरीचे आधीचे आणि नंतरचे गुणधर्म पाठवतो. क्लायंट आधीचे गुणधर्म स्वतःच्या साठ्याशी ताडून पाहतो. जुळले तर मधल्या काळात दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही, साठा टाकून द्यायची गरज नाही. न जुळले तर टाकून नव्याने मागवायचे. या हमीला अर्थ यायचा तर 'आधी' आणि 'नंतर' एकाच लॉकच्या आत टिपले पाहिजेत. म्हणून जुन्या कोडात दोन कामे एकत्र बांधली होती : एफएच_लॉक म्हटले की डिरेक्टरीचे लॉक घेतले जाई आणि आधीचे गुणधर्मही टिपले जात; एफएच_अनलॉक म्हटले की नंतरचे टिपून लॉक सुटे. लॉक घेतले आहे की नाही याची खूण हँडलच्या संरचनेतच एका झेंड्यात ठेवलेली.

हे सोयीचे होते. फार सोयीचे. हँडल परत ठेवणारे फंक्शन तो झेंडा पाहून, लॉक राहिले असेल तर मुकाट्याने सोडून देई. परिणामी अर्ध्याअधिक ठिकाणी लॉक कुठे सुटते हे त्या फंक्शनात लिहिलेलेच नसे. वाचणाऱ्याने समजून घ्यायचे की केव्हा तरी, कुठे तरी, कुणी तरी हँडल ठेवील आणि ते सुटेल. एखाद्या ठिकाणी लॉक गरजेपेक्षा जास्त वेळ हातात राही, आणि ते तसे राहते हेही कुणाला दिसत नसे. २०२२ साली नील ब्राउन यांनी ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने उलगडली. आधी जिथे लॉक नकोच होते तिथून काढले, मग प्रत्येक फंक्शनात सोडण्याची जागा एकच केली, मग लॉक घेणे, आधीचे गुणधर्म टिपणे, काम, नंतरचे टिपणे, लॉक सोडणे, या पाच ओळी प्रत्येक ठिकाणी उघड लिहिल्या. सर्वांत शेवटी तो झेंडा आणि ती दोन फंक्शने काढून टाकली. हा बदल लिनक्स ६.० मध्ये आला. काही ठिकाणी ओळी वाढल्या, आणि तरी मी याला सुलभीकरणाचा नमुना म्हणतो. आता फंक्शन वाचणाऱ्याला लॉकची सुरुवात आणि शेवट एकाच पानावर दिसतात. परवानगीची तपासणी त्या दोघांच्या मध्ये आहे की बाहेर, हेही दिसते. दोन प्रश्न एकाच वेळी सुटले, कारण ते मुळात एकच होते.

त्याच धाग्यातला अलीकडचा बदल २०२५चा. डिरेक्टरीत एक नाव शोधणारे लुकअप_वन_लेन नावाचे जुने फंक्शन दर वेळी परवानगीही तपासे. ते बहुतेक ठिकाणी वापरले जाई ते फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या कामासाठी. उघडी असलेली फाइल कुणी पुसली की एनएफएस क्लायंट तिला खरोखर पुसत नाही, ठिपक्याने सुरू होणारे एक विचित्र नाव देऊन ठेवतो. त्या वेळी मोकळे नाव शोधायला असे फंक्शन लागते. पुसण्याची परवानगी आधीच विचारून झालेली. आता पुन्हा कुणाची आणि कशासाठी तपासायची? तेव्हा ती तपासणी काढली आणि फंक्शनाचे नाव लुकअप_नोपर्म असे केले. मला यात नाव बदलणे अधिक महत्त्वाचे वाटते. ज्याला तपासणी हवी, जसे एनएफएसडीला, त्याने तपासणारे दुसरे फंक्शन वापरावे. नको असणाऱ्याने नकोचे फंक्शन मागावे, आणि ते त्याच्या कोडात सगळ्यांना दिसावे.

टिपणे कशी वाचावीत याविषयी थोडेसे. दोन जुने लॅपटॉप आणि एक स्वस्त स्विच पुरतो. तोही नसला तर एकाच यंत्रावर दोन आभासी यंत्रे. एकावर सर्व्हर, दुसऱ्यावर क्लायंट. वायरशार्क लावून एक डिरेक्टरी करा आणि नेटवर्कवरून किती मागण्या गेल्या ते पाहा. मग सर्व्हरवर कर्नलच्याच एफट्रेसने आयनोडची परवानगी तपासणारे फंक्शन किती वेळा आणि कुणाकडून बोलावले गेले ते मोजा. जुन्या आणि नव्या कर्नलात तोच प्रयोग करून आकडे शेजारी-शेजारी मांडा. अंदाजाने कुणी काही बोलायचे नाही, हा वर्गाचा एकमेव नियम. लॉकडेप चालू ठेवूनच चाचण्या घ्यायच्या. कर्नल त्यामुळे रांगतो, पण आपल्याला कुठे शर्यत जिंकायची आहे.

वाचकाकडून सी भाषा आणि चिकाटी एवढीच अपेक्षा आहे. इंग्रजी दस्तऐवज वाचावेच लागतील. त्यांच्या भोवतीची चर्चा मराठीत व्हायला काही हरकत नाही, आणि ती मराठीत होते तेव्हा 'समजले' म्हणून मान हलवण्याचे प्रमाण घटते असा माझा अनुभव आहे. नोकरीच्या दृष्टीने विचारणाऱ्यांसाठी : साठवणुकीच्या सॉफ्टवेअरचे काम पुण्यात गेली कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणावर चालते, आणि तिथे असा कोड वाचता येणाऱ्यांची चणचण असते. पण त्यासाठी म्हणून ही टिपणे लिहिलेली नाहीत.

शेवटी, जे अजून सुटलेले नाही ते. आजही एका डिरेक्टरीत एका वेळी एकच बदल होतो, कारण लॉक संपूर्ण डिरेक्टरीचे आहे. एनएफएस क्लायंटवर हे फार जाचते : शंभर फाइली करायच्या असतील तर सर्व्हर त्या एकाच वेळी करू शकत असला तरी क्लायंट त्या एकामागून एकच पाठवतो, आणि प्रत्येकीला नेटवर्कची पूर्ण फेरी. लॉक डिरेक्टरीऐवजी त्यातल्या एकेका नावावर आणता येईल का, यावर काम चालू आहे. वर सांगितलेला २०२५चा बदल त्याचीच पूर्वतयारी. मूळ कल्पनेवर मात्र जाणकारांत एकमत नाही. सर्वांत अवघड जागा आहे ती नाव बदलण्याची, कारण तिथे डिरेक्टऱ्या दोन असतात. एक क्लायंट फाइल इकडून तिकडे हलवत असतो, दुसरा तिकडून इकडे; दोघांनी एकेक लॉक धरले आणि दुसऱ्याची वाट पाहत बसले की संपले. म्हणून आधी पूर्वज, मग वंशज, असा लॉकांचा क्रम ठरलेला आहे. तो डेडलॉकपासून मुक्त असल्याची सिद्धता कर्नलच्या दस्तऐवजात दिली आहे, आणि अलीकडे तीत त्रुटी सापडून ती नव्याने लिहावी लागली. परवानगीही दोन्हीकडे तपासायची, तीही दोन्ही लॉके हातात असताना. पहिले प्रकरण त्या सिद्धतेपासूनच सुरू केले आहे. ते एका बैठकीत कळले नाही तर दुसरे प्रकरण आधी वाचून परत यावे.

चंदनसार, विरार (पूर्व)